शून्य मैलापासून तीस किलोमीटर: नागपूरच्या आसपास नवी ठिकाणं शोधायची कशी?

टेकडी_लाइन
शनिवार, सकाळी ६:४०

"नागपूरजवळ फिरायला कुठं जायचं" असं कुणालाही विचारा, तीच नावं येतात: फुटाळा, अंबाझरी, कोराडी, ड्रॅगन पॅलेस, रामटेक, खिंडसी, आदासा, पेंच. ठिकाणं चांगलीच आहेत, म्हणून तर गर्दी आहे. या धाग्यात नुसती यादी नको. ठिकाण शोधायचं कसं, कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी जायचं, तिथं काय अडतं, एवढं लिहा. जे पक्कं ठाऊक आहे तेच. फोटो नसला तरी चालेल, रस्ता नीट सांगा.

सुरुवात नकाशापासून. झिरो माइलचा, म्हणजे शून्य मैलाचा, शहरातला स्तंभ केंद्र धरून ३० किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात कामठी, कोराडी, हिंगणा, कळमेश्वर, बुटीबोरी बसतात. शहरातून बाहेर पडणारे मोठे रस्ते आठ: काटोल, सावनेर, कामठी, भंडारा, उमरेड, वर्धा, हिंगणा, अमरावती. आपण यातल्याच एखाद्या रस्त्यानं जातो आणि त्याच रस्त्यानं परततो. न पाहिलेलं जे आहे ते दोन रस्त्यांच्या मधल्या पाचरीत. म्हणून एका वेळी एकच पाचर घ्या. उदाहरणार्थ, काटोल रोडनं बाहेर पडायचं, जिल्हा परिषदेच्या रस्त्यांनी आडवं कापत सावनेर रोडला लागायचं आणि तिकडून घरी. सायकलवर पन्नास-साठ किलोमीटर होतात. ताशी १५ चा वेग धरला तर थांबण्यासकट साडेपाच तास. मोपेडवर तीन तास पुरतात. कारनं जाऊ नका, पांदणीत (शेतांमधल्या अरुंद कच्च्या वाटेत) वळवायला जागा नसते.

नकाशा म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची शीट. ती त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करून उतरवून घेता येते. जुन्या क्रमांकानुसार शहर ५५ ओ/४ वर येतं, ७९ अंश रेखांशाच्या पश्चिमेचा भाग ५५ के/१६ वर आणि रामटेक ५५ ओ/७ वर. आता मिळणाऱ्या शीटचे क्रमांक वेगळे आहेत, चौकटी त्याच आहेत. एक सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर, आणि उंचीच्या रेषा दर २० मीटरला. एकात एक तीन बंद रेषा दिसल्या की चढण्याजोगी टेकडी. नाला टेकडीला खेटून वळत असेल तर त्या वळणावर बहुधा उघडा खडक सापडतो. गावांच्या नावापुढे 'रिठी' आलं की ते उठून गेलेलं गाव. तिथं जुनी विहीर, चिंचेची झाडं, मारुतीचा ओटा असं काहीबाही उरलेलं असतं.

मग तीच जागा संगणकावर गुगल अर्थमध्ये उघडायची आणि जुन्या तारखांची पट्टी सरकवून मे आणि नोव्हेंबर अशी दोन चित्रं पाहायची. मे महिन्यातही पाणी टिकलेलं दिसलं तर तो तलाव जाण्यासारखा. नोव्हेंबरात हिरवं आणि मेमध्ये तांबडं-करडं दिसणारं रान म्हणजे बरड किंवा झुडपी जंगल, चालायला सोपं. दोन्ही चित्रांत आखीव चौकोन दिसले तर संत्र्याची बाग. ती खासगी असते, विचारल्याशिवाय आत जायचं नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक पांदणीत होते. फोनचा नकाशा पांदणीला रस्ता समजतो. जुलै ते सप्टेंबर काळ्या मातीच्या पांदणीत सायकल घालू नका. माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरते आणि दोनशे मीटरमध्ये चाक फिरायचं थांबतं. पाऊस थांबून चार-पाच दिवस कडक ऊन पडलं की मग जा. मुरमाड वाट मात्र पावसानंतर दुसऱ्याच दिवशी चालते. नकाशावर फरक कळत नाही, पण उतारावरची वाट बहुधा मुरमाची आणि नाल्याकाठची काळ्या मातीची, हा अंदाज सहसा चुकत नाही.

धंतोली_नवखा
शनिवार, सकाळी ८:०५

पोस्ट जतन केली. पण शीट कागदावर छापून घ्यायची का? आणि आपण नक्की कुठं उभे आहोत हे तिच्यावर कसं कळणार?

टेकडी_लाइन
शनिवार, सकाळी ८:३०

ए-३ कागदावर हवी ती पाचर तेवढी छापा. शीटच्या कडेला अक्षांश-रेखांश मिनिटांत दिलेले असतात. आपल्याकडे अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किमी आणि रेखांशाचा एक मिनिट सुमारे १.७३ किमी. फोनवर जीपीएसचे आकडे अंश-मिनिटांत ठेवा, दशांश अंशांत नको. दोन्ही कडांवरून बोट सरकवलं की जागा सापडते. सोबत फोनमध्ये ओएसएमअँडसारखं ऑफलाइन अ‍ॅप ठेवा आणि जिल्ह्याचा नकाशा घरून उतरवून घ्या. बाजारगावच्या पुढं किंवा पारशिवनीकडं रेंज जाते.

एक जादाची गोष्ट. सायकलच्या मीटरमध्ये किंवा घड्याळात हवेच्या दाबावर चालणारं उंचीमापक असेल तर निघताना झिरो माइलला थांबून ते लावून घ्या. तिथल्या सर्वेक्षण खुणेची उंची १०२०.१७१ फूट नोंदलेली आहे, म्हणजे सुमारे ३११ मीटर. दाब दिवसभर बदलतो, त्यामुळं संध्याकाळपर्यंत पाच-दहा मीटरचा फरक पडलेला असेल. तो बिघाड नव्हे.

गड्डीगोदाम
शनिवार, सकाळी ९:१०

झिरो माइलचा विषय निघालाच आहे तर: तो स्तंभ १९०७ चा, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामातला. 'भारताचा भौगोलिक मध्य' हे पाहुण्यांना सांगायला बरं वाटतं, पण आजच्या देशाचा नकाशा घेतला तर मध्य तिथं येत नाही. चार घोडे आणि स्तंभ पाहायला मात्र जा, आणि शेजारचा खुणेचा दगडही बघा. बहुतेक लोक फक्त घोड्यांचा फोटो काढून निघून जातात.

शिळावर्तुळ
शनिवार, सकाळी ११:२२

काटोल-सावनेर पाचरीचं नाव निघालं म्हणून लिहितो. नागपूरकरांना सर्वांत जवळ असलेली आणि सर्वांत कमी पाहिलेली गोष्ट म्हणजे जुनापाणीची शिळावर्तुळं. काटोल नाका सोडला, गोरेवाडा मागं टाकला, फेटरीच्या दिशेनं गेलात की बरडावर काळ्या धोंड्यांची वर्तुळं लागतात. ही लोहयुगातली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली दफनं. एकट्या जुनापाणीत सुमारे तीनशे वर्तुळांची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं इथं खोदून पाहिलं, पुढं १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी. थोडं पुढं महुरझरी. तिथं १९७० नंतर शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. वर्तुळांत लोखंडी हत्यारं, घोड्याचे अवशेष आणि घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने मिळाले. अकीक-कार्नेलियनचे मणी घडवण्याचं ते मोठं केंद्र होतं.

आता जाण्याचं तंत्र. ऑगस्ट ते नोव्हेंबर जाऊ नका. कुसळी गवत कमरेएवढं असतं, वर्तुळाच्या मध्यात उभं राहूनही वर्तुळ दिसत नाही, आणि पायात घोणस येण्याची भीती असते. गवत वाळून चरून झालं की, म्हणजे फेब्रुवारी ते मेअखेर, धोंडे उघडे पडतात. वेळ सूर्योदयानंतरचा पहिला तास-दीड तास. कारण असं, की काही धोंड्यांवर अंगठा बसेल एवढे उथळ खळगे कोरलेले आहेत, कधी रांगेत तर कधी जोड्यांनी. डोक्यावरच्या उन्हात ते सपाट दिसतात. तिरप्या उन्हात प्रत्येक खळग्यात सावली पडते आणि मग रांग उमटते. ढगाळ दिवस असेल तर मोबाइलचा टॉर्च धोंड्याच्या कडेला आडवा धरा, तोच परिणाम मिळतो. खडू, पीठ, पाणी, काहीही धोंड्यावर लावायचं नाही.

वर्तुळ खरं की नुसते जमवलेले धोंडे, हे ओळखायला तीन गोष्टी बघा. धोंडे अर्धे जमिनीत रुतलेले आणि एकमेकांना लागून असले पाहिजेत. मधला भाग कडेपेक्षा किंचित फुगीर आणि मुरूम-गोट्यांनी भरलेला असतो. आणि गोलाई खरी असते, मोठ्या वर्तुळांचा व्यास पंधरा मीटरच्या आसपास जातो. शेतातून वेचून धुऱ्यावर (बांधावर) टाकलेल्या दगडांची रास लांबट असते आणि दगड सुटे असतात. जुनं खळं गोल असतं, पण त्याच्या कडेला असे मोठे धोंडे नसतात आणि मधली जमीन चोपून सपाट केलेली असते.

काटोल रोडच्या पट्ट्यात एक वर्तुळ सापडलं की आजूबाजूला आणखी शोधा, ती सहसा एकटी नसतात. काळ्या मातीच्या शेतात शोधू नका. नाल्यापासून थोडं वर, पिकाला निरुपयोगी अशा बरडावर शोधा.

जुनापाणी संरक्षित स्थळ आहे. १९५८ च्या कायद्यानुसार स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढं २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. धोंडा हलवणं, माती उकरणं, मणी दिसला म्हणून खिशात टाकणं, यातलं काहीही करू नका.

धंतोली_नवखा
शनिवार, दुपारी १२:०४

हे तर अगदीच जवळ निघालं की!

काळा_पांढरा_दगड
शनिवार, दुपारी २:४५

शिळावर्तुळ यांनी बरडाचं सांगितलं, त्यामागचं कारण दगडात आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडची कड नागपूर शहराच्या अंगाखालून जाते. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स आणि तिथून पश्चिमेकडं सगळा बेसाल्ट. पूर्वेला आणि ईशान्येला गेलं की खडक बदलतो. त्यामुळं तीस किलोमीटरच्या आत तीन तऱ्हेचे खडक एका सकाळी पाहता येतात, आणि हे महाराष्ट्रातल्या फार थोड्या शहरांना जमतं. पुण्याच्या लोकांना काळ्या दगडाशिवाय काय दिसतं?

क्रम असा ठेवा. आधी सेमिनरी हिल्सचा उतार. रस्त्यासाठी कापलेल्या भागात बेसाल्टच्या दोन थरांमध्ये फिकट, मऊ, मातीसारखा पट्टा दिसतो. लाव्ह्याच्या दोन पुरांमधल्या काळात साचलेला तलावाचा गाळ तो. टाकळीच्या या थरांत वनस्पतींचे आणि गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे जीवाश्म मिळाल्याचं स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवलं. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात ते बुडाले. पावसाळ्यात नाला ओलांडण्याबद्दल पुढं कुणी लिहिलंच तर हे लक्षात असू द्या.

मग कोराडी-सिल्लेवाडा बाजू. इथं कामठी वालुकाश्म. याच भागावरून भूशास्त्रात 'कामठी' नावाचा थरसमूह आहे. दगड पिवळट ते तांबूस, हातानं चोळला तर वाळूचे कण सुटतात. याच गटाच्या खालच्या थरांत कोळसा आहे, म्हणून तिकडं खाणी आणि वीज केंद्रं. खाणीच्या हद्दीत शिरू नका. नदीकाठी किंवा जुन्या बांधकामात तोच दगड पाहायला मिळतो.

तिसरा पट्टा मनसरकडं, तीस किलोमीटरच्या बाहेर. तिथं मँगनीज. रस्त्याकडेला काळा, हाताला जड लागणारा आणि बोट काळं करणारा खडा दिसला तर तो बेसाल्ट नव्हे. सारख्या आकाराचे दोन खडे दोन हातांत घेऊन तोला, फरक लगेच कळतो.

सोबत लहान भिंग (१०×) आणि पातळ व्हिनेगरची बाटली. फिकट पट्ट्यावर थेंब टाकला आणि बुडबुडे आले तर चुना आहे. हातोडा नको. रस्त्याच्या कापात खालून ठोकलं की वरचा सैल धोंडा येतो.

भाऊसाहेब_तर्री
शनिवार, दुपारी ३:१०

राजेहो, धोंडे झाले, नकाशे झाले, पन खायचं कोनी सांगून नाही रायलं. उपाशी पोटी कोनता शोध लागते?

टेकडी_लाइन
शनिवार, दुपारी ३:३२

भाऊसाहेब, तर्री पोहे शहरातच हाणून निघा. दहा-अकरानंतर हातगाडीवर तर्रीचा तळ लागतो. पाचरीतल्या गावात चहा-बिस्किटाच्या पुढं भरवसा ठेवू नका. बाजाराचा दिवस असेल तर आलुबोंडा, भजी, मुरमुरे मिळतात. म्हणून चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न "बाजार कोन्त्या दिवशी?" हा विचारायचा. संत्री आंबिया बहाराची नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. कळमेश्वर-काटोल बाजूला रस्त्याकडेला विकायला ठेवलेली घ्या. झाडावरची तोडली तर शिव्या पडतील, आणि त्या योग्यच असतील.

पाणतळं
शनिवार, रात्री ८:५०

तलावांबद्दल लिहिते. उमरेड आणि भंडारा रोडच्या पाचरीत मालगुजारी (जमीनदारी) काळातले तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. मोठे सगळ्यांना ठाऊक आहेत. नकाशावर गावाच्या वरच्या अंगाला निळा डाग आणि त्याच्या एका बाजूला जाड वाकडी रेघ दिसली तर ती पाळ, म्हणजे तलाव बांधलेला आहे. पाळीवरून चालता येतं, झाडं असतात आणि पक्षी बिचकत नाहीत, म्हणून सुरुवात नेहमी पाळीवरून करा.

ऑक्टोबरात तलाव तुडुंब असतो आणि पक्षी कमी, हे नव्या लोकांना उलटं वाटतं. पण कडेला चिखल नसला तर चिखल्या, तुतवारी असले काठावर चरणारे पक्षी उतरणार कुठं? पाणी ओसरून कडेला दहा-वीस मीटरचा ओला पट्टा निघतो तो डिसेंबरअखेरपासून. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस सायकी, पारडगाव अशा तलावांवर याच दिवसांत असतात. रात्री ते आसपासच्या हरभरा-गव्हात चरतात आणि सकाळी पाण्यावर येऊन बसतात, त्यामुळं साडेसात ते साडेनऊ ही वेळ सगळ्यात बरी. सूर्य पाठीशी ठेवा, म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावर. पाळ नेमकी पश्चिमेला असेल तर सकाळी समोरून ऊन येतं आणि सगळे पक्षी काळे दिसतात. मग तो तलाव संध्याकाळसाठी ठेवा.

दुर्बीण ८×४२ पुरे. १०× ची हातात हलते. ड्रोन अजिबात नको. हंसांना तो शिकारी पक्ष्यासारखा वाटतो आणि अख्खा थवा उठतो.

आता पोहण्याबद्दल, कारण सल्ला न मागताच लोक उतरतात. वाकीला कन्हान नदी दिसायला उथळ आहे. पण रेती उपसलेल्या जागी पाण्याखाली सरळ कड्याचे खड्डे असतात. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढं टाकलं की डोक्यावरून पाणी. झिल्पीसारख्या तलावात भीती वेगळी. आतला उतार गाळाचा असतो, पाय रुततो आणि ओढून काढायला आधार मिळत नाही. सांडव्यावरून पाणी वाहत असताना फरशीवर शेवाळ असतं, चप्पल असो की बूट, घसरतंच. पाय ओले करायचे असतील तर गावातले लोक गुरं जिथं पाजतात तेवढीच जागा वापरा.

आडवाटेचा_भुजंग
रविवार, सकाळी ७:१५

पाणतळंताई, तुमच्या पोस्टला जोडून. पावसाळ्यात मोकळ्या बरडावर वीज हा मोठा धोका आहे. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर आलं की टेकडीवरून उतरायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वाट पाहायची. जुन्या देवळांच्या शिखराखाली आणि नदीकाठच्या मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असतं. तिथं अत्तर, उदबत्ती, बिडी, ओरडणं काहीच नको. माश्या उठल्याच तर हात न झाडता तोंड झाकून सरळ पळा, पाण्यात उडी मारू नका.

वाघ-बिबट्याचं: कोंढाळी-बोर पट्टा आणि उमरेड-कऱ्हांडलाच्या बाजूला झुडपी जंगलातही वाघ येतो. राखीव जंगलात गेटातूनच जायचं असतं, मागच्या पांदणीतून शिरलात तर गुन्हा आहे. इतर ठिकाणी पोलीस पाटलाला किंवा गुराख्याला आधी विचारा. सूर्य मावळायच्या आत डांबरी रस्त्यावर परत.

मोरभवन_फलाट
रविवार, सकाळी १०:००

गाडी नसलेल्यांसाठी. मेट्रोची चार टोकं चार पाचरींची दारं आहेत: कामठीकडं ऑटोमोटिव्ह चौक, वर्धेकडं खापरी, हिंगण्याकडं लोकमान्य नगर, भंडाऱ्याकडं प्रजापती नगर. मेट्रोत सायकल घेऊन जाता येतं, त्यामुळं शहरातले आठ-दहा किलोमीटर आणि पारडीसारख्या चौकांतली ट्रकची धूळ वाचते. सकाळी ऑफिसच्या वेळी मात्र सायकल घेऊन चढू नका.

'आपली बस' ही शहर बस कामठी, कन्हान, हिंगणा, बुटीबोरी, कोराडी बाजूला जाते. तालुक्याच्या एसटी मोरभवन आणि गणेशपेठहून. परतीची शेवटची गाडी कधी, हे फलकावर न पाहता कंडक्टरलाच विचारा आणि तिच्या आधीची पकडायचं ठरवा. आणि सायकल-मोपेडवाल्यांनो, फोनमध्ये वाहन 'कार' निवडलेलं असेल तर तो शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर ढकलतो. तिथं दुचाकीला बंदी आहे. वाहन बदला, तो हिंगणा रोडनं खालून नेतो.

इतवारीहून रामटेकला रेल्वेनं जाता येतं, कन्हानहून फाटा फुटतो. स्टेशनहून गडाचा पायथा लांब आहे, ऑटो करावा लागतो.

शिळावर्तुळ
रविवार, दुपारी १:४०

रामटेकचा विषय आला म्हणून एक वेगळी पाचर सुचवतो. ही तीस किलोमीटरच्या बाहेर जाते, पण 'पाहिलंय' म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी फक्त गडमंदिर पाहिलेलं असतं.

सकाळी आधी नगरधन. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच असं मानतात. २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागानं इथं उत्खनन केलं, त्यात राणी प्रभावतीगुप्ताचं मातीचं मुद्रांकन मिळालं. आज उभा आहे तो किल्ला मात्र भोसल्यांच्या काळातला, सपाटीवरचा, चौकोनी. आत पायऱ्या उतरून जावं लागणारं जमिनीखालचं देवीचं देऊळ आहे, बॅटरी ठेवा. तटावर सावली नाही, म्हणून हे पहिलं.

तिथून रामटेक. गडावर जाताना केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन लहान, वरून साधी दिसणारी देवळं लागतात. ती पाचव्या शतकातली, वाकाटक काळातली. केवल नरसिंहाच्या भिंतीतल्या शिलालेखात प्रभावतीगुप्तेच्या घराण्याचा उल्लेख आहे. म्हणजे सकाळी नगरधनला जिच्या मुद्रेबद्दल ऐकलं, तिच्याच माणसांनी उभारलेलं देऊळ दुपारी समोर येतं. हा क्रम उलटा केला तर मजा जाते. वानरं पिशवी ओढतात, प्रसाद आणि पाण्याची बाटली आत ठेवा. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास जायचंच नाही, यात्रेत ही दोन देवळं दिसणारही नाहीत.

शेवटी मनसरची हिडिंबा टेकडी. विटांचं प्रचंड बांधकाम उत्खननातून मोकळं झालं आहे. उतरत्या उन्हात विटांच्या थरांच्या सावल्या दिसतात, म्हणून चारनंतर. विटांवर चढू नका, कडा सुटतात.

चितार_ओळ
रविवार, सायंकाळी ६:२०

सगळे बाहेर निघालेत, जरा आतही बघा. चितार ओळी मेट्रो स्टेशनला उतरा. गणपतीच्या आधीचे दोन महिने इथं मूर्तीचं काम चालतं: आधी तणस-काठीचा सांगाडा, मग माती, सुकल्यावर तडे भरणं आणि शेवटी रंग. आखाड-श्रावणात गेलात तर एकाच गल्लीत हे सगळे टप्पे दिसतात. ओल्या मूर्तीला हात लावू नका आणि कारागीर डोळे आखत असेल तर फोटोसाठी बोलावू नका.

तिथून बडकस चौक, महाल, भोसले वाड्याचा भाग, रुक्मिणी मंदिर, मग गांधी गेट (जुना जुम्मा दरवाजा) आणि गांधीसागर. लाकडी खांबांवरचं कोरीवकाम डोळ्यांच्या वर असतं, त्यामुळं दुकानं उघडायच्या आधी, सात ते नऊ, मान वर करून चाला. नंतर वर बघाल तर ऑटो अंगावर येईल. वाड्यात लोक राहतात, चौकटीपाशी थांबून विचारा.

सीताबर्डी किल्ला लष्कराकडं आहे. लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतो. ओळखपत्र न्या, रांग लवकर लागते. १ मेला डोकं भाजतं, त्यातल्या त्यात २६ जानेवारी बरी. अजब बंगला (१८६३ चं जुनं संग्रहालय) आणि मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सोमवारी बंद.

गड्डीगोदाम
रविवार, रात्री ९:३५

एक वादाचा मुद्दा टाकतो. शिळावर्तुळांचं नेमकं लोकेशन इथं किंवा नकाशावर टाकू नये. पिन पडली की आधी रील, मग पार्टी, मग चूल पेटवायला वर्तुळातलाच धोंडा.

मोरभवन_फलाट
रविवार, रात्री १०:०२

पटत नाही. जागा कुणाला ठाऊकच नसेल तर प्लॉट पडताना बोंब मारणार कोण? काटोल रोडला ले-आउट कुठवर पोचलेत ते बघा.

शिळावर्तुळ
सोमवार, सकाळी ७:५०

दोघांचंही निम्मं बरोबर. जुनापाणीसारख्या संरक्षित, फलक लागलेल्या जागेचं लोकेशन खुशाल द्या. फलक नसलेलं वर्तुळ सापडलं तर पिन टाकू नका. अक्षांश-रेखांश, पट्टी किंवा पाऊल ठेवून काढलेले चार दिशांचे फोटो आणि मौज्याचं नाव एवढं लिहून पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळ कार्यालयाला द्या आणि पोच घ्या. ले-आउटच्या वादात पिनपेक्षा ती तारखेची पोच कामाला येते. फोटोत मागं टेकडी किंवा टॉवर येऊ द्या, नुसते धोंडे ओळखू येत नाहीत.

धंतोली_नवखा
सोमवार, रात्री ८:१५

समजा या रविवारी पहिली पाचर घ्यायची, साधी सायकल, गिअर नाही, मार्च सुरू झालाय. कोणती?

टेकडी_लाइन
सोमवार, रात्री ८:४८

काटोल-सावनेरच, पण आखूड. साडेपाचला निघा, काटोल नाक्यावर उजाडेल. जुनापाणी साडेसहा-पावणेसातपर्यंत, तिरपं ऊन तेव्हाच मिळतं. तासभर तिथं. महुरझरीच्या बाजूनं आडवं जाताना चढ किरकोळ आहेत, बिनगिअरची चालेल, फक्त हवा भरून घ्या. बाभळीचे काटे जाड असतात, म्हणून एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि पंप हवाच. पंक्चरचं दुकान सावनेर रोडला लागेपर्यंत मिळेल असं धरू नका. पाणी दोन लिटर. पळस फुललेला असेल, फोटोला थांबाल, त्याची वीस मिनिटं आधीच धरा. साडेनऊच्या आत सावनेर रोड गाठा. दहानंतर ऊन आणि कोराडीकडचे ट्रक दोन्ही वाढतात. थकलात तर कोराडी रोडनं ऑटोमोटिव्ह चौकात या आणि सायकल मेट्रोत घाला.

भाऊसाहेब_तर्री
सोमवार, रात्री ९:००

अन् पोहे?

टेकडी_लाइन
सोमवार, रात्री ९:०४

साडेपाचला कुठली तर्री भाऊ, परतल्यावर. दोन केळी खिशात ठेवा.